रुमाल टाकलेली जागा : विमान कंपन्यांच्या नियमित-प्रवासी योजनांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
भारतातील विमान कंपन्यांच्या नियमित-प्रवासी योजनांचे प्रमुख
प्रत माहितीसाठी : नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय : दर्जाधारक प्रवाशांना दिलेल्या आसननिवडीच्या सवलतीबाबत

महोदय, महोदया,

ज्यांनी महाराष्ट्रात एस.टी.ने प्रवास केला आहे त्यांना खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गाडी फलाटाला लागते न लागते तोच कोणीतरी बाहेरूनच रुमाल, पिशवी, प्रसंगी डोक्यावरची टोपी आत टाकतो, आणि दारातून धक्के खात तो आत पोचेपर्यंत ती जागा त्याचीच असते. या रुमालाला कायद्याचा आधार नाही, त्यासाठी कोणी पैसे मोजलेले नसतात, आणि तरीही अनोळखी माणसे तो बहुतेक वेळा पाळतात. कोणी पाळला नाही तर भांडण होते, आणि त्या भांडणात अर्धी गाडी तरी रुमालवाल्याच्या बाजूने बोलते. मी गेली अकरा वर्षे कामानिमित्त महिन्यातून तीन-चार वेळा नागपूरहून विमानाने ये-जा करतो, आपल्यापैकी एका कंपनीचा वरच्या पायरीचा दर्जा (वारंवार उडणाऱ्याला योजनेत मिळणारी गोल्ड-सिल्व्हरसारखी पायरी) माझ्या नावावर आहे, आणि माझा अनुभव असा आहे की आपल्या संगणकातील आसननकाशावर मी टाकलेला रुमाल, म्हणजे आधी निवडून ठेवलेले आसन, एस.टी.तल्या रुमालाइतकाही टिकत नाही. हे पत्र तेवढ्याच एका गोष्टीविषयी आहे.

ही सुखवस्तू माणसाची रडकथा वाटू नये अशी माझी इच्छा असली तरी काही अंशी ती तशी आहेच, हे आधी मान्य करतो. ज्या देशात असंख्य लोकांनी विमानात अद्याप पाऊलही ठेवलेले नाही, तेथे पाचव्या ओळीऐवजी एकविसावी ओळ मिळाली म्हणून पत्रे लिहीत बसणे शोभत नाही, असे मला घरातच ऐकवून झाले आहे. परंतु प्रश्न ओळीचा नाही. आपली योजना स्वतःहून, लेखी शब्दांत एक वचन देते आणि त्या वचनावर माणसाला वर्षानुवर्षे आपल्याशी बांधून ठेवते. त्यापायी तो कधी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट सोडतो, कधी सोयीची दुपारची वेळ सोडून पहाटे चारला उठतो, कधी वर्षअखेरीस दर्जा टिकवण्यासाठी गरज नसलेली एखादी फेरीही करून येतो (मी दोनदा केली आहे, आणि तिचे कारण पत्नीला अजून पटलेले नाही). एवढे करून जे मिळते त्याचा भाव किती, हे विचारण्याचा त्याला अधिकार असावा.

दर्जाचे म्हणून जे फायदे आपण सांगता त्यांतील बाकीच्यांची आज काय अवस्था आहे तेही पाहा. लाउंजमधील उपमा आणि कॉफी आता कोणत्याही बऱ्यापैकी क्रेडिट कार्डावर मिळते, आणि तेथील रांग पाहिल्यावर बाहेरचा चहाच बरा वाटतो. जादा सामानाची सवलत सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या माणसाच्या कामाची नाही. विमानात आधी प्रवेश देण्याचे म्हणाल, तर जेथे विमानापर्यंत बसने न्यावे लागते तेथे त्याचा अर्थ एवढाच की मी बसमध्ये सर्वांत आधी चढतो, म्हणून सर्वांत आत ढकलला जातो आणि उतरताना सर्वांत शेवटी उतरतो. राहता राहिली आसनाची निवड. नियमित प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारा, या सगळ्यांत खरी उपयोगाची सवलत हीच असल्याचे तो सांगेल. पाठ धरलेल्या, लांब पायांच्या किंवा उतरल्या उतरल्या बैठकीला धावणाऱ्या माणसासाठी तर दर्जा म्हणजे तीच सवलत होय.

गेल्या वर्षी आईला डॉक्टरांकडे मुंबईला न्यायचे होते. तिच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे आणि तो पाय तिला फार वेळ दुमडून ठेवता येत नाही. तीन-तीन आसनांच्या विमानात डाव्या बाजूचे, मधल्या वाटेलगतचे, म्हणजे ‘सी’ अक्षराचे आसन घेतले तर उजवा पाय अधूनमधून वाटेकडे मोकळा करता येतो. उजव्या बाजूच्या ‘डी’वर बसल्यास वाट डाव्या हाताला येते आणि तिचा आईला उपयोग नसतो. माझ्या दर्जामुळे मला आणि त्याच पीएनआरवरील सोबत्याला पुढच्या ओळी विनाशुल्क निवडता येतात, म्हणून तीन आठवडे आधी तिच्यासाठी ५-सी आणि माझ्यासाठी ५-बी घेऊन ठेवले होते. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी विमान बदलल्याचा एका ओळीचा निरोप आला. त्यात आसनांविषयी एक अक्षर नव्हते. सकाळी विमानतळावर बोर्डिंग पास हातात आले तेव्हा मी ४-डीवर होतो आणि आई २१-ईवर, म्हणजे दोन अनोळखी प्रवाशांच्या मधे. संगणकाने माझा दर्जा ओळखला होता. आईला तो ओळखत नव्हता.

काउंटरवरील मुलगी सौजन्याने वागली. “सिस्टिमने दिलंय सर, फ्लाइट फुल आहे, आत क्रूला विचारून बघा,” एवढेच तिच्या हातात होते आणि तेवढे तिने सांगितले. आत गेल्यावर मी २१-सीवरील एका तरुणाला माझी चौथ्या ओळीतली जागा देऊ केली, त्याच्या जागेवर आईला बसवले आणि तिच्या २१-ईवर मी स्वतः बसलो. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी तो तरुण भेटला, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसला होता असे कळले. आपल्या योजनेचा त्या दिवशीचा खरा लाभार्थी तोच, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे.

विमान बदलले याविषयी माझी तक्रार नाही. एअरबस ए-३२० मध्ये आपल्याकडे साधारण १८० ते १८६ आसने असतात, ए-३२१ मध्ये ती २२० च्या वरही जाऊ शकतात, आणि एटीआर-७२ मध्ये फार तर ७८, तीही एका ओळीत सहाऐवजी चार. तांत्रिक बिघाड, उशिरा आलेले विमान किंवा कमी-जास्त झालेली मागणी यांमुळे एकाच्या जागी दुसरे लावावे लागते, आणि मग जुना आसननकाशा नव्या नकाशावर बसवावा लागतो. त्यात काही क्रमांकच नाहीसे होतात, पुढच्या काही ओळींचे स्वरूप बदलते, आणीबाणीच्या दाराजवळची ओळ दोन ओळी मागे-पुढे सरकते. हे सारे समजण्याइतका प्रवास मी केला आहे. लहान विमानात वजनाच्या समतोलासाठी काही प्रवाशांना हलवावे लागते, एखादे आसन मोडलेले निघते, एखादे सुरक्षेच्या कारणाने रोखावे लागते, हेही मान्य आहे. माझा मुद्दा एवढाच की हे पुनर्वाटप ‘सिस्टिम’ करत असली तरी त्या सिस्टिमला क्रम कोणीतरी माणसाने लिहून दिलेला असतो. कोणाचे आसन आधी टिकवायचे, कोणाला कोणापासून वेगळे करायचे नाही, वाटेलगतची जागा गेलेल्याला आधी वाटेलगतचीच शोधायची की पुढची कोणतीही द्यायची, हे नियम कोठेतरी आहेतच. ते प्रवाशाला दाखवले जात नाहीत, एवढाच फरक. आणि जो नियम दिसत नाही तो पाळला गेला की मोडला गेला हे कोणी कसे सांगावे?

आता थोडे मागे जातो, कारण या सवलतीचा अर्थ मधल्या काळात गुपचूप बदललेला आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली ॲडव्हान्टेज ही योजना सुरू केली तेव्हा कल्पना साधी होती : जितके मैल उडाल तितके मोजू आणि त्यावर पुढे तिकीट देऊ. आपल्याकडे १९९० च्या दशकात एअर इंडियाची फ्लाइंग रिटर्न्स आणि जेट एअरवेजची जेटप्रिव्हिलेज आली. त्या काळात विमानतळावरील काउंटरवर जाऊन “खिडकी मिळेल का?” असे विचारायचे, असली तर मिळायची, नसली तर नाही, पैशांचा प्रश्न नव्हता. दर्जाधारकाला त्याहून जास्त एवढेच मिळे की पुढच्या एक-दोन ओळी त्याच्यासाठी बाजूला ठेवलेल्या असत आणि त्याची आवड नोंदवलेली असे. तो अगत्याचा भाग होता. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काही सेवा तिकिटातून वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र शुल्क घेण्यास परवानगी दिली; पसंतीचे आसन त्यांतच मोडते, आणि प्रवाशाने ती सेवा स्वतःहून निवडली तरच पैसे घ्यावेत अशी त्या परवानगीची अट आहे. त्या अटीचे पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनच्या वेळी सर्वच आसनांना शुल्क लावले तेव्हा हे शुल्क नियमांच्या चौकटीत बसते का ते तपासू असे मंत्रालयाला जाहीरपणे सांगावे लागले, आणि विमानतळावर आसन विनाशुल्क मिळेल असा खुलासा कंपनीने केला.

म्हणजे झाले असे की ज्या दाराला पूर्वी कडीही नव्हती त्याला आधी कुलूप लावण्यात आले, आणि मग आम्हा मूठभर लोकांना किल्ली देऊन ती सन्मानाची खूण आहे असे सांगण्यात आले. आमच्या सवलतीची किंमत आपण लावलेल्या शुल्कावर ठरते. शुल्क जितके वाढेल तितकी आपली सवलत जाहिरातीत मोठी दिसेल. हा व्यवहार किती मोठा आहे याची कल्पना अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालावरून येते : तेथील पाच विमान कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात केवळ आसनशुल्कापोटी १२.४ अब्ज डॉलर, म्हणजे आजच्या दराने एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळवली. एवढा पैसा ज्या वस्तूत आहे ती वस्तू फुकट नेणारा दर्जाधारक कंपनीच्या हिशेबनिसाला पाहुणा वाटत असेल की भार, याचा अंदाज मी करू शकतो. तरीही पाहुण्याला बोलावणे आपणच धाडले आहे.

या योजना आता बहुतेक खर्चावर मोजल्या जातात. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्स अंतराऐवजी खर्चाच्या हिशेबावर आणली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा ही कंपनी तिच्यात विलीन झाली तेव्हा विस्ताराच्या ‘क्लब विस्तारा’ योजनेचे सदस्य महाराजा क्लबमध्ये (फ्लाइंग रिटर्न्सचे हे नवे नाव) आले. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोने इतकी वर्षे दर्जाच्या पायऱ्याच ठेवल्या नव्हत्या. तिनेही २०२४ मध्ये ब्लूचिप ही योजना आणली. आणि दर्जा ही किती हवेतली वस्तू आहे हे आमच्या पिढीच्या प्रवाशांना १७ एप्रिल २०१९ च्या रात्री समजले, जेव्हा अमृतसरहून मुंबईला निघालेले जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण उतरले. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्यामुळे पॉइंट शिल्लक राहिले आणि पुढे इंटरमाइल्स या नावाने वापरताही आले, पण प्लॅटिनम कार्ड दाखवून जी पुढची ओळ मागायची ती ओळच उरली नाही. माझ्या कपाटात ते कार्ड अजून आहे.

परदेशात सारे आलबेल आहे असे माझे म्हणणे नाही. तरी तेथील काही योजनांमध्ये एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे वेळेची पायरी. ब्रिटिश एअरवेजमध्ये अनेक वर्षे असा सरळ नियम राहिला आहे की सिल्व्हर आणि त्यावरील सदस्याने तिकीट काढतानाच आसन निवडावे, ब्राँझ सदस्याने उड्डाणाच्या सात दिवस आधीपासून, आणि दर्जा नसलेल्याने चेक-इन उघडल्यावर, चोवीस तास आधी. युनायटेडमध्ये पायांना जास्त जागा असलेल्या ओळी गोल्ड सदस्याला आणि त्याच आरक्षणावरील एका सोबत्याला तिकीट काढतानाच मिळतात, सिल्व्हरला मात्र चेक-इनच्या वेळी उरल्या तर. हे नियम उदार आहेत की कंजूष, हा प्रश्न वेगळा. पण ते एका वाक्यात सांगता येतात आणि त्यामुळे प्रवाशाला आपला हक्क कोठे सुरू होतो व कोठे संपतो ते कळते. आपल्यापैकी काहींच्या संकेतस्थळांवर हीच माहिती शोधायला मला तीन पाने, दोन तळटिपा आणि ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द इतक्या वेळा ओलांडावा लागला, की शेवटी मी ग्राहक सेवेला फोन केला आणि तेथेही मला ‘उपलब्धतेनुसार’ हेच उत्तर मिळाले.

येथेच आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी एक इशारा नोंदवतो. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय समूहात आहे, आणि तिच्या गोल्ड दर्जामुळे त्या समूहातील दुसऱ्या कंपनीच्या विमानातही आपल्याला हवे ते आसन हक्काने मिळेल असा अनेकांचा समज असतो. स्टार अलायन्स गोल्डच्या सामाईक फायद्यांत लाउंज, जादा सामान, चेक-इनला व चढताना प्राधान्य हे सारे आहे. आसननिवड मात्र नाही. वनवर्ल्ड या दुसऱ्या समूहाने पसंतीच्या आसनाची सोय रुबी या सर्वांत खालच्या पायरीपासून आपल्या सामाईक यादीत घातलेली आहे. हा फरक तिकीट काढण्यापूर्वी सांगण्याचे काम कोणाचे, हे मी आपल्यावर सोपवतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी प्रामुख्याने लेखणी उचलली तिच्याकडे येतो. सवलत ज्याला दिली जाते आणि सवलतीची ज्याला गरज असते, ती माणसे बरेचदा वेगळी असतात. सांगली, सातारा, नाशिक, नागपूर या भागांतील कितीतरी घरांत मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात असते, वर्षाकाठी कामासाठी अनेक फेऱ्या करते आणि सोनेरी-रुपेरी कार्ड बाळगून असते. आणि त्यांचे सत्तरीतले आईवडील नातवंडाच्या बारशाला किंवा सुनेच्या बाळंतपणाला पंधरा-सोळा तासांच्या प्रवासाला दोघेच निघतात. तिकिटे मुलानेच काढलेली असतात, पैसे त्याच्याच कार्डावरून गेलेले असतात, पण तो स्वतः त्या पीएनआरवर नसतो, म्हणून त्याचा दर्जा तेथे निरुपयोगी ठरतो. वडिलांना रात्रीतून तीनदा उठावे लागते म्हणून वाटेलगतची जागा हवी असते, आईला इंग्रजीतून सूचना कळत नाहीत म्हणून वडील शेजारी हवे असतात. या दोन जागांसाठी मुलगा शुल्क भरतो आणि भरायलाही हरकत नाही. पण ज्याच्या निष्ठेचे आपण गोडवे गाता त्याला नेमक्या याच वेळी आपली योजना ओळख दाखवत नाही. माझी सूचना अशी आहे की वरच्या दोन पायऱ्यांवरील सदस्याला वर्षातून तीन किंवा चार प्रवासांसाठी आपला आसननिवडीचा हक्क आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या किंवा आधीच नोंदवलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या नावावर वापरता यावा. माझ्यापुरते बोलायचे तर त्या बदल्यात माझ्या स्वतःच्या दहा प्रवासांतली पुढची ओळ काढून घेतली तरी चालेल.

आपल्या रेल्वेला आपण नावे ठेवतो, पण खालचा बर्थ देताना साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी ठरावीक कोटा राखून, उपलब्ध असेल तर तो आपोआप द्यावा अशी व्यवस्था तिच्यात आहे, आणि त्यासाठी कोणाला गोल्ड सदस्य व्हावे लागत नाही. तेथेही दर वेळी खालचा बर्थ मिळतोच असे नाही. मात्र तो का मिळाला नाही हे कोट्याच्या नियमावरून समजते.

महासंचालनालयानेही या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. एप्रिल २०२४ च्या निर्देशानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील निदान एका पालकाच्या शेजारी बसवणे विमान कंपन्यांवर बंधनकारक आहे आणि त्याची नोंदही ठेवायची आहे. या नियमामुळे एखाद्या वेळी माझे आसन जाईल हे मला दिसते, आणि ते जायलाच हवे. चार वर्षांचे मूल तीन ओळी मागे रडत असताना पुढच्या ओळीत पाय पसरून बसण्यात कसला आलाय दर्जा? पण मग मला तसे सांगा. “आपले आसन लहान मुलासाठी घेतले आहे,” हे एक वाक्य मोबाइलवर आले तर माझ्या मनातील सर्व संशय तेथेच संपेल. आज कारण सांगितले जात नाही म्हणून प्रत्येक दर्जाधारकाला असेच वाटते की आपली फुकटातली जागा काढून ती कोणाला तरी विकली. ते खरे असेलच असे नाही. पण तसे वाटू देण्यात आपलेच नुकसान आहे.

त्याच महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ पासून वरच्या वर्गाचे तिकीट असलेल्या प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत देणे बंधनकारक केले. त्या तरतुदीमागचे तत्त्व असे की विकलेली वस्तू दिली नाही तर तिची भरपाई द्यावी. एकाच वर्गातील आसनबदल त्या तरतुदीत येत नाही, आणि माझ्या ५-सीसाठी तिकिटाचे पाऊण पैसे परत मागण्याइतका मी लोभी नाही. मात्र पैसे भरून निवडलेले आसन गेल्यास निदान शुल्क तरी परत मागता येते. दर्जाच्या बळावर निवडलेले आसन गेल्यास ‘ते तर फुकट होते’ असे उत्तर मिळते. ते फुकट नव्हते. त्यासाठी मी आधीच्या वर्षभरात आपल्याच विमानांतून चाळीस वेळा उडालो होतो, आणि ती किंमत आपल्याच नोंदींत पॉइंटांच्या रूपाने लिहिलेली आहे. निवडलेल्या आसनाच्या तोडीचे दुसरे देता आले नाही, तर त्या आसनाच्या त्या दिवशीच्या शुल्काएवढे पॉइंट खात्यात आपोआप जमा व्हावेत, एवढी तरतूद पुरेशी आहे.

आमच्यासाठी राखून ठेवलेल्या ओळींविषयीही बोलले पाहिजे, कारण येथे दोष आमच्या बाजूने होतो. एस.टी.त विधानसभा सदस्यांसाठी राखीव अशी अक्षरे रंगवलेली जागा असते. गाडी सुटेपर्यंत आमदार आले नाहीत तर तेथे डाळिंबाची पाटी घेऊन कोणीही बसतो आणि कोणाचे बिघडत नाही. विमानात मात्र पुढच्या ओळी दर्जाधारकांसाठी किंवा जास्त पैसे देणाऱ्यांसाठी अगदी शेवटपर्यंत रोखल्या जातात, तोवर वेब चेक-इन करणाऱ्या कुटुंबाला मधल्या आसनांचे विखुरलेले क्रमांक मिळालेले असतात, आणि विमान उडते तेव्हा दुसऱ्या ओळीत तीनपैकी एकच जागा भरलेली असते. मी अशा रिकाम्या जागेशेजारी कितीतरी वेळा बसलो आहे आणि मला ते आवडलेही आहे, हे कबूल करतो. पण न वापरलेल्या राखीव जागा उड्डाणाच्या ठरावीक तास आधी खुल्या व्हाव्यात, आणि त्या आधी वयस्करांना व एकाच पीएनआरवर विखुरलेल्यांना मिळाव्यात, असा नियम आपण केलात तर मी त्याविरुद्ध बोलणार नाही.

नकाशाच्या प्रामाणिकपणाबाबतही दोन शब्द. बोइंग ७३७ जातीच्या बऱ्याच विमानांत डाव्या बाजूला, पंखाच्या जरा पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून जात असल्यामुळे एखाद्या ओळीला खिडकीच नसते, तरी नकाशावर ती खिडकीची जागा म्हणूनच दिसते. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये यावरून डेल्टा आणि युनायटेडविरुद्ध दावे दाखल झाले. आणीबाणीच्या दाराच्या लगेच पुढे असलेल्या ओळीची पाठ मागे झुकत नाही. हे सारे त्या चौकोनावर बोट ठेवताच मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत दिसले पाहिजे. खुद्द आणीबाणीच्या दाराजवळची ओळ तर दर्जाकडे पाहून नव्हे, प्रवाशाच्या शारीरिक क्षमतेकडे पाहूनच दिली जावी; गुडघा धरलेल्या गोल्ड सदस्याला तेथे बसवण्यात त्याचा सन्मान नाही आणि इतरांची सुरक्षितताही नाही.

माझी प्रत्यक्ष मागणी एवढीच आहे. विमान बदलल्यावर आसने कोणत्या क्रमाने वाटली जातात तो क्रम आपल्या योजनेच्या अटींत लिहावा, आणि त्यात दर्जाधारक व त्याच्या पीएनआरवरील सोबती यांना एकच घटक मानावे. आसन बदलले की लगेच निरोप यावा, त्यात जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि कारण असावे, आणि काउंटर गाठण्यापूर्वी मोबाइलवरूनच दुसरे आसन निवडण्याची मुभा असावी. कार्यालयाच्या प्रवास विभागाने किंवा एजंटाने तिकीट काढल्यास सदस्य क्रमांक गळून पडतो आणि त्याबरोबर सवलतही जाते, तेव्हा तो नंतर जोडला तरी सवलत त्या क्षणापासून लागू व्हावी. आणि ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द जेथे जेथे येतो तेथे त्याच्यापुढे केव्हापासून, किती ओळींत आणि कोणानंतर, एवढे तीन खुलासे करावेत. महासंचालनालयाला विनंती अशी की विमान कंपन्यांनी हा क्रम जाहीर करावा एवढेच त्यांना सांगावे; तो कोणता असावा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याकडेच राहू द्यावे.

पुढच्या महिन्यात आईला पुन्हा तपासणीसाठी मुंबईला न्यायचे आहे. तिकिटे काढून झाली आहेत. आज सकाळी पाहिले तेव्हा तिच्या नावापुढे ६-सी आणि माझ्या नावापुढे ६-बी होते. या पत्राचे उत्तर त्याआधी आले तर सोयीचे होईल.

आपला,
एक नियमित प्रवासी
नागपूर